आबांच्या तोंडावळ्याचा अरब

आमच्या घराण्यात मान सगळ्यांचीच लांब. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, तर इतकी लांब की ते मळ्यात वाकून मेथी खुडत असले तरी बांधापलीकडे कोण चाललंय ते त्यांना दिसायचं, असं आत्या सांगायची. लांब मान, सरळ लांब नाक, बारीक तोंड आणि उघड्या दारासारखे बाहेर आलेले कान. शिवाय जन्मभर डोक्यावर भाजीची पाटी वाहिल्यामुळे टाळू वरून सपाट झालेली. त्यांचा फोटो कुणी काढला नव्हता. मला ते आठवतही नाहीत. पण हे वर्णन इतक्या वेळा कानांवर पडलं होतं की खरं तर कॉलेजच्या संग्रहालयात पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली. आज हे सांगताना मान आणखी दोन बोटं लांब होते आणि त्याची मला लाज नाही. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. फुलं आणि पालेभाजी. पहाटे घर जागं व्हायचं ते विहिरीवरच्या इंजिनाच्या ठकठकीनं, मग आईच्या भाकरी थापण्यानं आणि मग आत्याच्या बोलण्यानं, जे पुढे दिवसभर थांबत नसे. सोनाआत्या दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि स्वयंपाकघर सोडून बाकी सगळ्या घराचा ताबा घेतला. दादांचे थोरले भाऊ अण्णा विहिरीच्या पलीकडे राहायचे. वाटण्या झाल्या तेव्हा दादांना विहिरीकडची जमीन आली आणि थोरला म्हणून घरचे देव अण्णांकडे गेले, त्यात आमच्या वीराचा टाकही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. म्हणजे बोलत खूप, पण एकमेकांशी नाही. अण्णा त्यांच्या बैलाला सांगायचे, "काय रे, आज पानी सोडतील का न्हाय काही लोकं?" आणि दादा इंजिनाला सांगायचे, "सोडू की, जरा दम धर म्हनावं." बैल आणि इंजिन यांच्यात एवढा संवाद मी पुढे कुठेच पाहिला नाही.

नाशिकात धुळवडीला ज्यांच्या घरी वीर असतो ते लोक त्याला नाचवत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेतात. घराण्यातला कुणी पूर्वज लढाईत नाहीतर आणखी कशात गेलेला असतो, त्याचा टाक, म्हणजे चांदीची छोटी प्रतिमा, खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, हलगी लावायची, रामकुंडावर आंघोळ घालायची आणि परत आणायचं. देव अण्णांकडे गेल्यापासून दादा धुळवडीला घरातच बसायचे. पलीकडे हलगी वाजायला लागली की इंजिन सुरू करायचे, पाण्याची गरज नसली तरी. दुसऱ्या दिवशी मेथी चिखलात उभी.

अशा घरातून मी बी.ए.ला इतिहास घेतला. दादांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "शिक. पन कॉलेजातून एक बी तक्रार घरी आली, तर दुसऱ्या दिवशी खुरपं हातात." दादा बोलले म्हणजे बोलले. आमच्या चुलत मावशीच्या मुलीला तिच्या वडिलांनी नुसत्या गैरहजेरीवरून घरी बसवलं होतं, तेव्हा ही धमकी नुसती हवेतली नव्हती.

कॉलेजात कमवा आणि शिका योजनेतून मला काम मिळालं ते संग्रहालयाचं. संग्रहालय म्हणजे ग्रंथालयामागची एक खोली. कुणा जुन्या गृहस्थानं एडनच्या गोदीत कारकुनी केली होती. त्याच्या वारसांनी घर आवरताना तिथल्या वस्तू कॉलेजला देऊन टाकल्या. दिवे, नाणी, एक गंजलेला खंजीर आणि ते शीर्ष. मेणासारख्या पांढऱ्या दगडाचं, ओंजळीत मावणार नाही एवढं, लांब मानेचं. डोळ्यांच्या जागी दोन खाचा, कारण मूळचे बसवलेले डोळे कधीच गळून पडलेले. टाळू सपाट. आमचे इतिहासाचे सर त्यावर जीव टाकायचे. दक्षिण अरबस्तानात फार प्राचीन काळी मेलेल्या माणसाचं असं शीर्ष घडवून त्याच्या थडग्यात ठेवत, म्हणजे घराण्याला त्याची आठवण राहावी, असं ते वर्गात सांगायचे. आणि प्रत्येक वेळी एकच शब्द वापरायचे, "हे पूर्वजाचं शीर्ष." मला तो शब्द फार आवडला. घरी भाजीची जुडी बांधतानाही मी 'पूर्वज' आणि 'शीर्ष' असले शब्द घोळवत असे. नवीन चप्पल घेतली की माणूस कारण नसताना चालतो, तसं.

त्या वर्षी विद्यापीठाकडून संग्रहालय पाहायला कुणी तज्ज्ञ येणार म्हणून होळीच्या सुट्टीत खोलीला रंग द्यायचं ठरलं. नाणी, दिवे सगळं लोखंडी कपाटात गेलं. शीर्ष जाईना. मान आडवी आली. रंगाऱ्यांच्या भरवशावर ते उघडं ठेवायला सर तयार नव्हते, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या घरी नेलं आणि अर्ध्या तासात परत आणलं. त्यांच्या बायकोनं दारातच विचारलं होतं की हे कुठून आलं, आणि सरांनी सवयीनं खरं उत्तर दिलं होतं, थडग्यातून. "तुमच्याकडे मळा आहे ना गं सुमन?" सर मला म्हणाले. "चार दिवस ठेव. पण हे फुटलं तर तू, मी, कॉलेज, कुणी राहणार नाही."

मी ते द्राक्षाच्या पेटीत कागदाच्या कातरणात ठेवलं. दादा मोपेड घेऊन न्यायला आले. पेटी मांडीवर घेऊन मी मागे बसले. गंगापूर रोडला वारा असा होता की माझी वेणी माझ्याच तोंडात जात होती.

"काय हाय त्याच्यात?" दादांनी मान न वळवता विचारलं.

"सरांनी दिलंय! पूर्वजाचं शीर्ष!"

"कोनाचं?"

"पूर्वजाचं! अरबस्तानातल्या! सोमवारी परत द्यायचंय, जपून ठेवा!"

आता एवढ्या वर्षांनी मी तो रस्ता, तो वारा आणि मोपेडचा फाटका सायलेन्सर यांचा हिशोब लावला आहे, आणि माझी खात्री आहे की दादांना ऐकू आलं ते एवढंच: सरांनी दिलंय, पूर्वजाचं, जपून ठेवा. पुढे घरापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, मोपेडला चढ लागलाय. घरी आल्यावर त्यांनी पेटी स्वतः उतरवली, धान्याच्या कोठीमागे नेऊन ठेवली आणि येताना चप्पल काढून आले. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. दादा कोठीत चप्पल घालूनच जायचे.

धुळवडीच्या दिवशी आई आणि मी सकाळपासून रामकुंडाजवळ हार घेऊन बसलो होतो. वीरांचा दिवस म्हणजे झेंडूला मागणी. एकेक हलगी जवळ येई, गुलाल उडे, कुणी पोरगं रामासारखं सजलेलं, कुणाच्या हातातल्या खोबऱ्याच्या वाटीत अंगठ्याएवढा टाक, लाल फडक्यात. ऊन कलायला आलं तेव्हा एक हलगी जरा जास्तच जोरात वाजत आली. पुढे जागा करत एक पोरगा ओरडला, "मावशी, मोठ्यातला मोठा हार द्या! आमच्या वीराला गळा लय लांब हाय!"

मी हार उचलला आणि वर पाहिलं. दादांना मी नंतर ओळखलं. आधी मान ओळखली.

दादांच्या कडेवर, लाल फडक्यात, लहान मूल घ्यावं तसा, सरांचा अरब होता. हळदीनं कानापर्यंत माखलेला. सपाट टाळूवर दादांच्या लग्नातला फेटा. आणि त्या रिकाम्या खाचांत आत्यानं गौरीच्या मुखवट्याचे जादाचे डोळे मेणानं बसवलेले. मोठे, काजळ घातलेले, किंचित लाजरे डोळे. तो इतक्या मायेनं माझ्याकडे बघत होता की उचललेला हार माझ्या हातातच राहिला. मागे आत्या तांब्या घेऊन नाचत होती. आत्याला नाचताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"अगं बया," आई म्हणाली, "हे तर आपलंच. हाराचे पैशे मागू का नको?"

"दादा!" मी ओरडले. "ते खाली ठेवा! ते कॉलेजचं हाय!"

दादांचे डोळे भरलेले. "सुमे, तुझ्या सरांचे उपकार कधी फिटायचे न्हाईत. आबा दिले पोरी त्यांनी. आबा!"

"टाळू बघ," आत्या म्हणाली, "पाटीनं सपाट झाल्याली. कान बघ. आनखी काय पुरावा पायजे?"

"आत्या, हे आबा नाहीत! दादा, तो अरब हाय!"

हलगी थांबली. आजूबाजूची माणसं वळली. कुणीतरी विचारलं, "कोन हाय म्हनती?" दुसरा म्हणाला, "अरब म्हनं." तिसरा म्हणाला, "मंग बरोबर, फेटा हाय ना." मी एका दमात सगळं सांगितलं, थडगं, एडन, कारकून, सोमवार, आणि याला काही झालं तर मला कॉलेजातून काढतील हेही. दादा ऐकत उभे राहिले. कडेवरच्या डोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. वर्षानुवर्षं इंजिन चालवून हलगी बुडवलेला माणूस एकदाचा वीर घेऊन निघाला होता, आणि भर गर्दीत त्याची लेक त्याला सांगत होती की हा तुझा नाही.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं अण्णा आले, त्यांच्या वाटीतला टाक घेऊन. अण्णा थबकले. त्यांच्या हातात अंगठ्याएवढा वीर आणि धाकट्या भावाच्या कडेवर भोपळ्याएवढा. त्यांनी त्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग टाकाची वाटी छातीशी धरली.

"आबा," ते म्हणाले, "एवढे कशे?"

"एवढेच व्हते," दादा म्हणाले. मग आवाज पडला. "पन पोरगी म्हनती, दुसऱ्याचे हायेत."

"कोनाचे?"

"कोन्या अरबाचे."

अण्णांनी विचार केला. "तेच्या घरचं हाय का कोनी हितं?"

"न्हाय."

"मंग आंघोळ कोन घालनार तेला? निघालेला वीर आंघोळीबिगर माघारी नेत्यात व्हय?" आणि मग वाटण्यांनंतर बैलाची मध्यस्थी न घेता ते पहिल्यांदा भावाला म्हणाले, "आनि धर नीट. मान मोडंल."

त्यावर माझं काही चालणार नव्हतं. मी एवढंच म्हणू शकले की निदान दोघांनी धरा. दोघं पायऱ्या उतरले, एकानं मान धरलेली, एकानं हनुवटी. पण हळदीत आत्यानं तेल हात सैल सोडून घातलं होतं. पाण्यात बुडवलं आणि साबणाच्या वडीसारखं ते डोकं दोघांच्या हातांतून निसटलं. वर आला तो नुसता फेटा.

मी किंचाळले. हलगीवाल्याला वाटलं इशारा झाला, त्यानं वाजवायला सुरुवात केली. दादा आणि अण्णा, धोतर-सदऱ्यासकट, छातीभर पाण्यात. दोघं एकाच वेळी बुडी मारायचे आणि रिकाम्या हातांनी वर यायचे. दोघांचीही लांब मान आणि सपाट ओल्या केसांचं डोकं पाण्याबाहेर येई तेव्हा प्रत्येक वेळी मला वाटे, सापडलं. शेवटी अण्णा वर आले ते ओरडतच, "कान घावला, कान!" कानाला धरून त्यांनी अरबाला बाहेर काढलं. फुटला नव्हता. एक डोळा मात्र गोदामाईनं ठेवून घेतला होता. उरलेल्या एका डोळ्यानं तो मला म्हणत होता, आता काय करशील ते कर.

दुसरा डोळा आम्ही घरी कोमट पाण्यानं सोडवला. हळद सुटेना. आईनं दही लावलं, अण्णांच्या घरून लिंबं आली, आत्या राख घेऊन आली तिला मी हाताला धरून बाहेर नेलं. शेवटी लुगड्यावरच्या हळदीचा डाग जसा उन्हात उडतो तसा उडेल म्हणून त्याला धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, ठेवलं. ते दिवस कुरडयांचे. पांढऱ्या कुरडया, पांढरं धोतर आणि मधोमध पिवळा अरब. अण्णा काठी घेऊन शेजारी राखण करत बसले, आणि दादा भावाला एकटं वाटू नये म्हणून. दोघं काय बोलत होते ते खाली ऐकू येत नव्हतं. इंजिन त्या दिवशी बंद होतं. सोमवारपर्यंत गाल पांढरे झाले, कपाळ झालं. डाव्या कानामागची खाच तेवढी पिवळीच राहिली. कानामागे ऊन पोहोचत नाही. आम्हाला अंघोळ घालताना आई म्हणूनच तिथे चोळायची.

सरांना मी पेटी दिली तेव्हा त्यांनी एकदाच पाहून सुटकेचा श्वास सोडला. मी काही सांगणार तोच पाहुण्या बाई आल्या. विद्यापीठातल्या, वयस्कर, खादीच्या साडीतल्या, हातात भिंग. दिवे पाहिले, नाणी पाहिली आणि शीर्षाजवळ येऊन थांबल्या. मानेपासून वर वर जात भिंग डाव्या कानामागे अडलं.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "हा पिवळा रंग पाहिलात? मूळ रंगाचा अंश राहिला असेल तर फार मोठी गोष्ट आहे."

सरांनी वाकून पाहिलं. "शक्यता," ते म्हणाले आणि चष्मा पुसून पुन्हा वाकले, "शक्यता नाकारता येत नाही."

मला दिसत होतं की गप्प बसले तर काहीच होणार नाही. तक्रार नाही, खुरपं नाही. पण उद्या यावर कुणी लेख लिहील, परवा तो मलाच परीक्षेला येईल आणि मी उत्तरात काय लिहू?

"बाई, ती हळद आहे," मी म्हणाले.

"कसली?"

"आमची. धुळवडीची."

मग सगळं सांगितलं, गौरीच्या डोळ्यांसकट. सर भिंतीला टेकले. भिंतीचा रंग ओला होता. त्यांच्या कोटावरचा तो पोपटी पट्टा मी पुढे पदवी मिळेपर्यंत पाहत होते. "उद्या वडिलांना घेऊन ये," एवढंच ते म्हणाले. म्हणजे तक्रार झाली. त्या रात्री जेवताना मी दादांना सांगितलं तेव्हा आईनं भाकरी थापायची थांबवली. दादा नुसतं "बरं" म्हणाले. कोठीच्या दाराला खुरपं टांगलेलं होतं, जेवण होईपर्यंत मी तिकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी दादा तोच फेटा बांधून आले, पाण्यातून काढून वाळवलेला. पाहुण्या बाईही थांबल्या होत्या. सर बराच वेळ बोलले. प्राचीन वस्तू, जबाबदारी, विश्वास. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी पोरीनं काय केलं?"

"तिनं... तिनं नाही, तुम्ही केलंत!"

"आस्सं. मंग तक्रार माझी हाय. पोरीची न्हाय." ते माझ्याकडे वळले. "सुमे, बोललो व्हतो का मी, तक्रार आली तर खुरपं हातात? मी बोललो म्हंजी बोललो. तू बस वर्गात. खुरपं म्या धरतो."

पाहुण्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून दादांना विचारलं, "नैवेद्य काय दाखवला होता?"

"पुरनपोळी. कटाची आमटी. परगावचा मानूस, म्हनून आमटीत तिखट कमी."

"मग सर," त्या म्हणाल्या, "याच्यासाठी शीर्ष घडवलं ते घराण्यानं आठवण काढावी म्हणूनच ना? अनेक शतकं कुणी काढली नव्हती. जाऊ द्या." सरांनी जाऊ दिलं. नंतर मात्र त्यांनी लोखंडी कपाट विकून मोठं घेतलं.

पुढच्या धुळवडीपासून आमचा टाक दोन्ही घरं मिळून नेऊ लागली. हलगी एक, नाचणारे दुप्पट. बैल आणि इंजिन यांच्यावर बोलण्याचा भार राहिला नाही. आत्या मात्र शेवटपर्यंत म्हणायची की आबाच होते ते, पोरीला शिकून ओळख राहिली नाही.

मला पदवी मिळायच्या दिवशी दादा आणि अण्णा दोघंही आले. काळा झगा घालून मी बाहेर आले, सर्टिफिकेट दादांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलंही नाही. "चल," म्हणाले, आणि सरळ ग्रंथालयामागच्या खोलीकडे निघाले. संग्रहालय त्या दिवशी पाहुण्यांसाठी उघडं होतं. काचेपाशी दोघा भावांनी चपला काढल्या. दादांनी ते सर्टिफिकेट उलगडून अरबाच्या समोर धरलं, नीट, वरची बाजू वर आहे ना ते मला विचारून.

"आबा," ते म्हणाले, "पोरगी ग्रॅज्युएट झाली."

रिकाम्या खाचांनी अरब समोर पाहत राहिला. बारीक तोंड घट्ट मिटलेलं. बराच वेळ गेला. मला कसंतरी वाटायला लागलं, म्हणून मी म्हणाले, "दादा, चला. तो काय बोलणार?"

"न्हाईच बोलायचे," अण्णा म्हणाले.

"आबा असेच व्हते," दादा समाधानानं म्हणाले आणि सर्टिफिकेट गुंडाळलं. "कधी कोनाला शाबास म्हनले न्हाईत."